डब्यात अर्धाच येणारा ट्रक

जपानमधलं शिझुओका हे शहर दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं: चहा आणि मॉडेल. तोकुगावा काळात इथल्या देवळांच्या आणि किल्ल्याच्या कामासाठी जमलेले सुतार, कोरीवकाम करणारे, लाखकाम करणारे कारागीर इथेच स्थिरावले आणि लाकूडकामाची परंपरा रुजली, असं या शहराबद्दल नेहमी सांगितलं जातं. योशिओ तामिया यांनी १९४६ साली लाकूड कापण्याची गिरणी काढली ती याच गावात. १९५१ साली ती आगीत गेली. गिरणी पुन्हा उभी करण्याऐवजी कंपनीने हळूहळू सगळा भार जोडधंद्यावर टाकला. तो जोडधंदा होता लाकडी जहाजं आणि विमानांची मॉडेल बनवण्याचा. १९६० पासून प्लास्टिक आलं. रेडिओवर चालणाऱ्या विजेरी ट्रकची गोष्ट या जळक्या गिरणीपासून सांगायला हरकत नाही.

योशिओंचे चिरंजीव शुनसाकू तामिया यांनी सुरुवातीच्या काळात ‘पँथर’ रणगाड्याचं मॉडेल केलं. त्यात मोटर आणि दोन बॅटऱ्या बसायला हव्या होत्या, म्हणून बॅटऱ्या मावतील एवढा रणगाडा काढला गेला. पुढे हिशेब केल्यावर तो मूळ रणगाड्याच्या साधारण पस्तिसाव्या हिश्श्याएवढा निघाला. जगभर आज सैनिकी मॉडेलं ज्या १/३५ मापात निघतात, त्या मापामागे कोणताही सिद्धान्त नाही, दोन बॅटऱ्यांची जाडी आहे. पुढच्या साठ वर्षांत या छंदात जे काही बदललं, त्यातलं बरंचसं बॅटरीने बदलायला लावलं.

रेडिओची गाडी मात्र तामियाने शोधलेली नाही. इटलीतल्या रेज्जो एमिलिया इथल्या ‘एल-जी’ नावाच्या कंपनीने १९६६ मध्येच १/१२ मापाची फेरारी २५० एलएम बाजारात आणली होती. तामिया या धंद्यात आली ती दहा वर्षांनी आणि काहीशी वाकड्या वाटेने. पोर्शे ९३४ चं एक भलतंच तपशीलवार मॉडेल करायचं म्हणून कंपनीने खरीखुरी पोर्शे ९११ विकत घेतली आणि ती सुटी करून तिचा भाग न् भाग तपासला. मॉडेल देखणं झालं, पण साच्यांचा खर्च डोक्यावर होता. त्याच साच्यांतल्या बॉडीखाली मोटर आणि रेडिओ बसवून १९७६ च्या अखेरीस रेडिओची गाडी काढली गेली. पहिल्याच वर्षात तिचे लाखावर डबे खपले आणि कंपनीचा मोहराच बदलला.

ही गाडी चालायची ती गुळगुळीत डांबरावर. खडीवर अडायची, गवतात रुतायची. तिला रानात नेण्याची कल्पना उत्तर अमेरिकेच्या वाळवंटातून आली. मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात १९६७ पासून ‘बाहा १०००’ ही शर्यत होते. तिथे फोक्सवॅगनच्या बीटलचे पुढचे-मागचे मडगार्ड कापून, जाड टायर चढवून, इंजिन उघडं ठेवून तिला ‘बाहा बग’ बनवायची पद्धत पडली होती. तामियाने १९७९ मध्ये ‘रफ रायडर’ आणि ‘सँड स्कॉर्चर’ या दोन १/१० मापाच्या गाड्या आणल्या. त्यातली सँड स्कॉर्चर म्हणजे हुबेहूब बाहा बग. पुढचं सस्पेन्शनही खऱ्या बीटलसारखं, ओतीव धातूचं. रेडिओचं सामान एका पारदर्शक डब्यात बंद, म्हणजे पाणी-चिखल आत जायला नको. खरं तर इथूनच ‘ऑफ-रोड’ हा प्रकार सुरू झाला.

गाड्या सुंदर होत्या, पण जड होत्या. आणि वेग कमी-जास्त करण्याची त्यांची तऱ्हा आजच्या पोरांना सांगितली तर खोटी वाटेल. एक छोटी सर्व्हो मोटर एक पट्टी सरकवायची, ती पट्टी तांब्याच्या टप्प्यांवरून फिरायची, आणि ज्या टप्प्यावर ती थांबेल तेवढी वीज मोठ्या मोटरला मिळायची. उरलेली वीज एका रेझिस्टरमध्ये उष्णता होऊन जायची. म्हणजे गाडी हळू चालवली की बॅटरी वाचत नसे, फक्त रेझिस्टर तापत असे. तो इतका तापे की बॉडीचं प्लास्टिक त्याला टेकलं तर वितळावं. टप्पे काळे पडत, पट्टी अडके, आणि कधीकधी गाडी पूर्ण वेगात सुटलेली असताना थांबायला नकार देई.

हौशी लोकांनी पहिला हात घातला तो इथे. हे यंत्र काढून त्याजागी ट्रान्झिस्टरचा इलेक्ट्रॉनिक स्पीड कंट्रोलर बसवायचा. ऐंशीच्या दशकात बॉब नोव्हाक यांच्या कॅलिफोर्नियातल्या कंपनीने असे कंट्रोलर शर्यतीवाल्यांमध्ये लोकप्रिय केले. किटच्या डब्यात मात्र कितीतरी वर्षं जुनी सरकपट्टीच येत राहिली. ज्याला बरं काही हवं त्याने ते वेगळे पैसे देऊन आणावं. या छंदाचा सगळा इतिहास असाच घडला आहे. माणसं टेबलावर बसून जे बदलत, ते काही वर्षांनी कारखाना डब्यात घालून विकत असे. आणि डबा उघडला की माणसं पुन्हा नव्याने काहीतरी बदलायला बसत.

१९८४ ची ‘ग्रासहॉपर’ हा त्याचा मासला. तामियाची ही सगळ्यांत स्वस्त बग्गी. छोटी ३८० ची मोटर, मागचा ॲक्सल सबंध एका तुकड्यात हलणारा, शॉकमध्ये तेलाचा थेंब नाही, नुसत्या स्प्रिंगा. खड्ड्यावरून गेली की ती खरोखरच नाकतोड्यासारखी उड्या मारायची. चाकांच्या दांड्यांना बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश. धूळ बसली की हे बुश घासून भोक अंडाकृती होतं, चाक डगडगतं आणि मोटरची निम्मी ताकद घर्षणात जाते. त्यामुळे पहिली खरेदी बेअरिंगांची, दुसरी ५४० मोटरची, तिसरी तेलाच्या शॉकची, ही चढण जगभरच्या पोरांनी न सांगता सारखीच चढली. तामियाने त्याच वर्षी तशाच चेसिसवर ५४० मोटर घालून ‘हॉर्नेट’ विकायला काढली. पुढे तर ‘हॉप-अप ऑप्शन्स’ या नावाने सुधारित भागांची वेगळी मालिकाच सुरू केली. धंद्याच्या दृष्टीने कल्पना अफलातून आहे: गाडी स्वस्तात द्यायची आणि तिच्या उणिवा किरकोळीत विकायच्या.

कॅलिफोर्नियातल्या शर्यतीवाल्यांना मात्र उणिवा विकत घ्यायच्या नव्हत्या. असोसिएटेड या कंपनीचे रॉजर कर्टिस यांनी १९८४ मध्ये ‘आरसी१०’ काढली. तिला बीटलसारखं दिसायचं नव्हतं, कुणासारखंच दिसायचं नव्हतं. सोनेरी रंग चढवलेल्या ॲल्युमिनियमची हलकी चेसिस, चारही चाकांना वेगवेगळे हलणारे नायलॉनचे लांब आर्म, तेलाचे शॉक. पुढच्या वर्षी, १९८५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्याच डेल मार इथे विजेरी ऑफ-रोड गाड्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. टू-व्हील ड्राइव्हमध्ये जे हॅल्सी आरसी१० वर जिंकला. फोर-व्हीलचं अजिंक्यपद जपानच्या योकोमोची गाडी चालवणाऱ्या गिल लोसी ज्युनिअरला मिळालं. याच लोसी कुटुंबाने पुढे स्वतःच्या नावाने गाड्या काढल्या. मैदानावरचा शर्यतीवाला आणि कारखानदार यांच्यात अंतर फार नव्हतं.

तेव्हा एका वेळी किती गाड्या पळवायच्या हे जागेवर नाही, रेडिओवर ठरे. २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात सहा कंपनसंख्या ठरलेल्या होत्या. प्रत्येकीचा रंग वेगळा: तपकिरी, लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा. रिमोटच्या अँटेनाला त्या रंगाची फीत बांधायची. रिमोटमध्ये आणि गाडीत त्याच रंगाचा क्रिस्टल असायला हवा. दोघे लालवाले एकाच वेळी चालू झाले तर एकाचा रिमोट दुसऱ्याची गाडी भिंतीवर आपटे. त्यामुळे मैदानावर रंगांची पाटी आणि चिमटे असत. आपल्या रंगाचा चिमटा हातात आल्याशिवाय रिमोट सुरू करायचा नाही, हा शिरस्ता. चिमटा खिशात घालून घरी निघून जाणारा एखादा सगळ्यांच्या शिव्या खात असे. २००० नंतर २.४ गिगाहर्ट्झचे रेडिओ आले. ते मोकळी वाट आपली आपण शोधतात आणि आपल्याच गाडीशी बांधलेले राहतात. क्रिस्टल, फिती आणि पाटी तीनही गोष्टी काही वर्षांत अडगळीत गेल्या.

बग्गी शर्यतीत रमली तशी दुसरी एक शाखा आडदांडपणात रमली. अमेरिकेत सेंट लुईसचे बॉब चँडलर यांनी आपल्या फोर्ड पिकअपला अजस्र टायर लावून ‘बिगफूट’ केला होता आणि १९८१ मध्ये तो चक्क भंगार गाड्यांवरून चालवला. मॉन्स्टर ट्रकचं वेड तिथून पसरलं. तामियाने १९८६ मध्ये ‘ब्लॅकफूट’ आणला आणि १९८७ मध्ये ‘क्लॉड बस्टर’.

क्लॉड बस्टरपाशी थोडं थांबायला हवं. शेव्हर्लेच्या पिकअपची बॉडी, पुढच्या ॲक्सलवर एक मोटर, मागच्या ॲक्सलवर दुसरी मोटर, आणि चारही चाकं वळणारी. मोटर थेट ॲक्सलच्या गिअरपेटीला जोडलेली, त्यामुळे मधे प्रोपेलर शाफ्टच नाही. दिसायला दांडगा, पण वळायला ढिम्म. स्टीअरिंगची सर्व्हो चेसिसवर आणि तिथून लांब दांड्या चाकांपर्यंत गेलेल्या. सस्पेन्शन खाली-वर झालं की दांडी खेचली जाई आणि हात न लावता चाकं वळत. दांड्यांमधला प्ले वेगळाच. लोकांनी सर्व्हो उचलून थेट ॲक्सलवर बसवली, पुढे एक, मागे एक. मग चेसिस फेकून दिली आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची नवी केली. शॉक बदलले. दोन्ही ॲक्सलमधले डिफरन्शियल कायमचे जाम केले, म्हणजे एक चाक हवेत असलं तरी दुसऱ्याची ताकद जात नाही. शेवटी मूळ ट्रकचं उरलं काय, तर दोन गिअरपेट्या आणि चाकं. अशा ट्रकांना घेऊन काही मंडळी वेगाचा नाद सोडून दगडांवरून इंच-इंच चढवायला लागली आणि ‘क्रॉलर’ हा नवा प्रकार आकाराला आला. कॅलिफोर्नियातल्या ॲक्सियल कंपनीने २००७ मध्ये एएक्स१० आणि २००९ मध्ये एससीएक्स१० ही किट्स काढली, तेव्हा जी गोष्ट वीस वर्षं गॅरेजात हातांनी होत होती ती डब्यात मिळू लागली. क्लॉडवरचं कसब मात्र अजून संपलेलं नाही. त्याच्या गिअरपेट्यांवर आजही शर्यती ट्रक बांधले जातात.

मोटर आणि बॅटरीची गोष्ट याहून उलथापालथीची. जुन्या मोटरमध्ये कार्बनचे ब्रश तांब्याच्या कम्युटेटरवर घासतात. दर काही फेऱ्यांनंतर तांबं खरवडलं जाई. म्हणून शर्यतीवाले खिशात मावेल एवढी लेथ घेऊन फिरत आणि कम्युटेटर पुन्हा गुळगुळीत करत. वायरचे वेढे कमी असतील तर मोटर वेगवान आणि तापट. वेढे जास्त तर शांत. निकेल-कॅडमियमच्या सहा सेलचा पॅक ७.२ व्होल्ट आणि १२०० मिलिअँपिअर-तासांचा असे, म्हणजे साडेआठ वॅट-तासांच्या आसपास. सुरुवातीच्या काळात पाच-सात मिनिटांत तो संपे.

मग मॉडेल विमानं उडवणाऱ्यांकडून दोन गोष्टी आल्या: ब्रशलेस मोटर आणि लिथियम-पॉलिमर बॅटरी. ब्रशलेसमध्ये चुंबक फिरतं आणि वेढे स्थिर राहतात. घासायला काहीच नाही, त्यामुळे लेथ गेली. कॅन्ससमधल्या कॅसल क्रिएशन्सचे कंट्रोलर मॉन्स्टर ट्रकवाल्यांनी हौसेने उचलले. टेक्सासच्या ट्रॅक्ससने २००७ च्या सुमाराला ‘व्हेलिनिऑन’ नावाने ब्रशलेस यंत्रणा कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. आज तीन सेलचा ११.१ व्होल्टचा, ५००० मिलिअँपिअर-तासांचा साधा पॅक ५५.५ वॅट-तास भरतो. जुन्याच्या सहापटींहून जास्त.

आणि इथून मोडतोडीची साखळी सुरू होते. ज्या गाड्या ५४० मोटरला पुरे पडत होत्या, त्यांच्यात ब्रशलेस घातली की पहिल्या दिवशी स्पर गिअरचे दात उडतात. पोलादी गिअर घातला की डिफरन्शियल फुटतं. तेही पोलादी केलं की ड्राइव्हशाफ्ट पिळवटतो. शाफ्ट बदलला की चाकाचा हेक्स गोल होतो. टायर फुग्यासारखे फुगून रिमवरून सुटतात. सगळं पोलादी करून टाकणं हा उपाय वाटतो, पण ट्रक जड होतो आणि मग उडी मारून खाली येताना सस्पेन्शनचे आर्म तुटतात. जाणते लोक म्हणून एक भाग मुद्दाम लेचापेचा ठेवतात. सर्व्होवर स्प्रिंगचा ‘सेव्हर’ असतो, तो धक्का पितो आणि आतले गिअर वाचतात. मोटरच्या मागे ‘स्लिपर क्लच’ असतो, तो ठरावीक ताणाला घसरतो. पन्नास रुपयांचा प्लास्टिकचा तुकडा मोडला तर बरं, असं त्यामागचं गणित. ॲल्युमिनियमचे चकचकीत आर्म लावून फोटो काढणाऱ्या हौशी मंडळींना हे गणित सहसा उमगत नाही. वाकलेला ॲल्युमिनियम सरळ करायला बसल्यावर उमगतं.

ताकद वाढली तरी जुळवणीची कामं हातांचीच राहिली. पिनियन आणि स्पर गिअरमधला गाळा कसा ठेवायचा? साध्या वहीच्या कागदाची पट्टी दोन्हींच्या दातांत घालायची, मोटर पुढे दाबून तिचे दोन स्क्रू आवळायचे आणि चाक फिरवून कागद बाहेर काढायचा. पट्टीवर दातांच्या चुण्या उमटाव्यात, कागद फाटू नये. मग स्पर गिअर पूर्ण फिरवून तीन-चार ठिकाणी प्ले पाहायचा, कारण प्लास्टिकचा गिअर सहसा अगदी गोल नसतो. घट्ट बसला तर मोटर कण्हते आणि तापते. सैल राहिला तर खडखडते आणि दात खाते. मोटरवर हात ठेवता येत नसेल इतकी ती तापत असेल, म्हणजे साधारण ८० अंश सेल्सिअसच्या वर जात असेल, तर एक-दोन दात कमी असलेला पिनियन लावायचा. वेग थोडा जातो, मोटर जगते.

शॉक भरणं हे त्याहून सबुरीचं काम. तेल काठोकाठ ओतायचं, पिस्टन सावकाश खाली-वर करायचा, बुडबुडे वर येईपर्यंत पाच-दहा मिनिटं उभा ठेवायचा, मग रबरी चकती बसवून झाकण फिरवायचं. दोन्ही हातांत जोडीचे दोन शॉक धरून एकमेकांवर दाबले की दोन्ही सारखेच आत गेले पाहिजेत. आत ‘फसफस’ आवाज आला तर हवा राहिली आहे, पुन्हा उघडायचं. ट्रक तयार झाल्यावर तो वीतभर उंचीवरून टेबलावर सोडायचा. नीट जमला असेल तर तो एकदाच दबतो आणि स्थिर होतो. उसळला तर तेल पातळ. पोट आपटलं तर स्प्रिंग मऊ. १९८५ ला डेल मारला जी तपासणी होत असेल, तीच आजही होते.

ट्रॅक्ससने २००८ मध्ये ‘स्लॅश’ काढला तेव्हा या इतिहासाला वेगळं वळण मिळालं. अमेरिकेतल्या शॉर्ट-कोर्स शर्यतींतल्या पिकअप ट्रकांच्या धर्तीचा, पुढे-मागे जाडजूड बंपर आणि चाकं झाकणारी बॉडी. एकमेकांवर आदळले तरी चाकात चाक अडकत नाही. तो तयार जुळवलेलाच मिळे, बॅटरी लावायची आणि निघायचं. आणि त्याचे बहुतेक भाग कंपनीच्या आधीच्या रस्टलर, स्टॅम्पीड या ट्रकांशी जुळणारे, त्यामुळे सुटे भाग दुकानात असायचेच. किट जोडत बसायची परंपरा इथे मागे पडली, असं जुनी मंडळी म्हणतात. ते अर्धंच खरं आहे. जोडणं मागे पडलं, सोडणं-बदलणं मुळीच नाही. स्लॅशसाठी बाहेरच्या कंपन्यांनी जितके भाग काढले तितके क्वचितच एखाद्या ट्रकसाठी निघाले असतील.

दरम्यान शिझुओकाला एक गंमत घडली. तामियाने जुन्या गाड्या जुन्याच साच्यांच्या धर्तीवर पुन्हा काढल्या. २००४-०५ पासून हॉर्नेट, ग्रासहॉपर. २००९ मध्ये रफ रायडर, ‘बग्गी चँप’ या नव्या नावाने. २०१० मध्ये सँड स्कॉर्चर. पन्नाशीला आलेले गृहस्थ लहानपणी न परवडलेला डबा घेतात आणि पहिल्या संध्याकाळी प्लास्टिकचे बुश काढून बेअरिंग घालतात. शुनसाकू तामिया जुलै २०२५ मध्ये नव्वदीत वारले, तेव्हाही ग्रासहॉपर दुकानांत होती, मागच्या सबंध ॲक्सलसकट.

आपल्याकडे हे सगळं उशिरा आणि वळशाने पोहोचलं. ग्राहकोपयोगी वस्तूंच्या आयातीवरचे परिमाणात्मक निर्बंध भारताने १ एप्रिल २००१ ला उठवले. त्याआधी असा ट्रक दिसायचा तो आखातातून किंवा अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत, आणि एक गिअर तुटला की कपाटावर जाऊन बसायचा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ मध्ये परवान्यातून मोकळा झाला, तेव्हा नवे रेडिओ रीतसर वापरता येऊ लागले. पण खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं, आणि सीमाशुल्काच्या लेखी आठ किलोचा मॉन्स्टर ट्रकही खेळणंच आहे. त्यामुळे पुण्या-मुंबईतले बरेच हौशी अजूनही परदेशातून येणाऱ्या कुणावर तरी भिस्त ठेवून असतात.

असं कुणी येणार असेल तर त्याला एक गोष्ट आधी सांगून ठेवावी: ट्रक चेक-इन बॅगेत चालेल, सुट्या लिथियम बॅटऱ्या चालणार नाहीत. त्या टोकं झाकून हातातल्या बॅगेतच आणाव्या लागतात. शंभर वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण येत नाही. तीन सेलचा ५५.५ चा पॅक त्यात बसतो, चार सेलचा ७४ चाही बसतो. सहा सेलचा ५००० चा पॅक १११ भरतो, त्याला विमान कंपनीची आगाऊ परवानगी लागते.